बाळंतिणीच्या खोलीमागची भट्टी

टेंभुर्णीत थंडी पडायला लागली की कडूबानाना लोकांच्या घरांच्या मागच्या भिंती बघत फिरायचे. पुढच्या दाराकडे त्यांचं लक्षच नसायचं. कोणी ओट्यावरून "या नाना, चहा घ्या" म्हटलं, तर "येतो येतो" म्हणत ते घराला वळसा घालून मागच्या अंगणात जायचे, भिंतीवर तळहात ठेवायचे, वाकून जोत्याची उंची वितीनं मोजायचे आणि मग पुढे येऊन बसायचे. तोवर चहा निवलेला असायचा. तो निवलेला चहा ते चवीनं प्यायचे. दिवसभर आगीशेजारी काम करणाऱ्या या माणसाला गरम चहा पिताना मी तरी पाहिलं नाही.

त्यांचं वर्कशॉप जाफराबादच्या रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, वेल्डिंगचं मशीन, जालन्याहून भंगारात आणलेले लोखंडी पत्रे आणि पाइपांचे तुकडे. खिडक्यांची ग्रिलं, गेटं, पाणी तापवायचे बंब हे सगळं ते करायचेच. पण शेडच्या एका कोपऱ्यात त्यांची स्वतःची एक वस्तू असायची. तिला ते नुसतं भट्टी म्हणायचे. दिसायला जाडजूड बंबासारखी, कमरेएवढी उंच. मधे लाकडं जाळायची जागा, तिच्याभोवती पाण्याचं कवच, वर धुराडं. कवचाच्या वरच्या अंगानं एक पाइप निघायचा आणि खालच्या अंगाला दुसरा येऊन मिळायचा. भट्टी घराबाहेर, मागच्या अंगणात बसायची. पाइप भिंतीतून आत जायचा, बाजेखाली दोन-तीन वेटोळी घालायचा आणि परत बाहेर यायचा. मोटार नाही, वीज नाही.

"तापलेलं पाणी आपोआप वर चढतंय, निवलं की आपोआप खाली उतरतंय," नाना सांगायचे. "आपण मधीमधी करायचं न्हाई."

उन्हाळ्यात जिथं पत्र्याला हात लावता येत नाही, त्या आमच्या भागात घर तापवायची भट्टी कोणाला लागते, असं कोणीही विचारील. लोक विचारायचेच. नानांचं गिऱ्हाईक एकच होतं, हिवाळ्यातली बाळंतीण. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायची रीत आहे. बाजेखाली शेगडी ठेवायची, दार लावायचं, खिडकीच्या फटी बुजवायच्या, कारण बाळंतिणीला वारं लागू नये. सव्वा महिना ती खोली अशीच बंद. नानांची भट्टी त्या शेगडीच्या जागी यायची. कोणी विकत मागितली तर ते म्हणायचे, "विकत घेऊन काय करता? सव्वा महिन्याचं काम हाये." त्यांच्याकडे तीन-चार भट्ट्या असायच्या. एका घरचा सव्वा महिना झाला की भट्टी ट्रॉलीत चढायची आणि दुसऱ्या घरामागे उतरायची. कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे हे गावात नर्सबाईंच्या खालोखाल नानांनाच माहीत असायचं.

मला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलं तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. जाफराबादहून जीपमधून उतरले, तर नाना समोरच उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या गल्लीच्या दिशेनं पाहिलं.

"कितवा गं संगे?"

"नववा लागला नाना."

"म्हंजी पौषात. खोली कोणती? मागची का?"

"मागचीच असंल."

"बराबर," म्हणाले आणि चालू लागले. तब्येत कशी आहे, प्रवास कसा झाला, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात टिकावाचे घाव ऐकू आले. आई पदर खोचत बाहेर गेली.

"काय करून राह्यले भाऊजी?"

"खड्डा करून राह्यलो वहिनी. भट्टी खोलीपेक्षा खाली बसली पाहिजे. न्हाईतर पाणी चढत न्हाई."

"आम्हाला नको भट्टी-बिट्टी. बाजेखाली शेगडी ठेवली की झालं. माझी तिन्ही बाळंतपणं शेगडीवरच झाली."

"झाली ना. चांगलं झालं."

"मंग?"

"मंग काय न्हाई," असं म्हणून ते पुन्हा खणायला लागले.

आई तिथंच उभी राहिली. आई उभी राहिली की भलेभले काम थांबवतात. नानांनीही थोड्या वेळानं टिकाव टेकवला.

"वहिनी, शेगडी ऊब देती, बिलकुल देती. पन आग खोलीतली हवा खाती. मायलेकराच्या वाट्याची हवा खाती. तुम्हाला ऊबच पाहिजे ना? मंग आग भाईर ठेवू, ऊब आत घेऊ."

आईला ते पटलं नाही. तिनं शेगडी घासूनपुसून बाजेखाली ठेवूनच दिली. दोन दिवसांनी भट्टी बसली, भिंतीला दोन भोकं पडली, पाइप जोडले गेले. नानांनी आत तुराट्या घालून पेटवलं, वर बाभळीचं एक खोड सरकवलं. तासाभरानं आई खोलीत गेली आणि बाजेखाली हात घालून बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं शेगडी उचलली आणि माळ्यावर टाकून दिली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. मात्र नानांना त्या दिवशी दुसरा चहा मिळाला.

मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलो. त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवत नाहीत, ते सगळे मिळून एकच लांब दुपार असल्यासारखे वाटतात. बाजेखालून ऊब यायची. शेगडीसारखी एका ठिकाणी चटका देणारी ती नव्हती. उन्हात वाळत घातलेली गोधडी अंगावर ओढावी तशी ती सगळीकडून सारखी असायची. खिडकीच्या एका दाराला नानांनी लोखंडी खुंटी ठोकली होती, त्यामुळे खिडकी वीतभर उघडी राहायची आणि कोणी कितीही ओढली तरी पूर्ण लागायची नाही. त्या वीतभर फटीतून आभाळाची एक पट्टी दिसायची. सकाळी ती दुधासारखी असायची, दुपारी निळी, आणि संध्याकाळी तिच्यातून भट्टीचा धूर वर चढताना दिसायचा. मी झोपेतून उठायचे, लेकीला पाजायचे, पट्टीकडे बघायचे, परत झोपायचे. बाळंतशेपेचा वास, लेकीच्या टाळूचा वास आणि बाहेरून बाभळीच्या लाकडाचा वास. आपण जागे आहोत का झोपेत आहोत, हे कधी कधी समजायचं नाही. समजून घ्यावंसंही वाटायचं नाही.

नाना दिवसातून दोनदा यायचे. लाकडं माझे वडील, बापूच घालायचे, पण नानांना खात्री नसायची. ते यायचे, पाइपाला हाताची मागची बाजू लावायचे, धुराचा वास घ्यायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे, "बापू, पऱ्हाट्या घातल्या तुम्ही. पऱ्हाटी भडकती आन मरती. बाभूळ घाला, सबुरीनं जळतंय." मग दोघं भट्टीजवळ बसायचे. त्यांचं बोलणं त्या फटीतून माझ्यापर्यंत यायचं. पीकपाणी, सोयाबीन, कोणाची सोयरीक. मी ऐकता ऐकता झोपायचे.

एका दुपारी आभाळ भरून आलं होतं. थंडी वाढली होती म्हणून भट्टी दिवसाही पेटवली होती. बापूंनी विचारलं, "कडूबा, हे खूळ कुठून घेतलं रे तू?"

 नानांनी लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

"वच्छी आल्ती बाळंतपणाला. माझी धाकटी बहीण. असाच पौष होता. लई गारठा. मी तवा जालन्याला कारखान्यात वेल्डर. घरी येताना पोतंभर दगडी कोळसा आणल्ता. म्हणलं, लाकडाच्या कोळशापेक्षा जास्त टिकतंय, मायला परत परत उठायला नको. शेगडी मीच भरली. खिडकीच्या फटीत चिंध्या मीच कोंबल्या."

पुढचं ते सावकाश बोलले. "सकाळी मायनं दार उघडलं. वच्छी उठता उठंना. हलवून हलवून उठली. लेकरू न्हाई उठलं."

बापूंनी भट्टीतली राख ओढलेली ऐकू आली.

"कोणी मला काय म्हणलं न्हाई बापू. वच्छी बी न्हाई. समदे म्हणले, लेकराला वारं लागलं. मी मनात म्हणलं, लागायला वारं आत होतंच कुठं."

मी पडल्या पडल्या लेकीच्या नाकाजवळ बोट नेलं. तिचा श्वास बोटावर येत होता, जात होता. कितीतरी वेळ मी बोट तसंच धरून होते. मग डोळा लागला. संध्याकाळी जाग आली तेव्हा वाटलं, हे सगळं मी स्वप्नात ऐकलं असावं. बापूंना विचारायचा धीर झाला नाही. बापूंनीही कधी तो विषय काढला नाही.

ते स्वप्न नव्हतं हे मला यमुनाकाकूंनी सांगितलं. यमुनाकाकू म्हणजे नानांची बायको. लेकीचं बारसं झाल्यावर त्या तिच्यासाठी टोपडं घेऊन आल्या होत्या. खोलीत बसल्या, पाइपाकडे पाहिलं आणि आपणहूनच बोलायला लागल्या.

वच्छीचं सासर वडीगोद्रीचं. त्या पौषानंतर ती माहेरी आलीच नाही. नानांनी कारखाना सोडला. गावात येऊन शेड घातली, आणि गेटं-ग्रिलं करता करता काहीतरी गोल गोल बनवत बसायचे. बनवायचे, पाणी भरायचे, ते गळायचं, परत कापायचे. काकू म्हणाल्या, "मला वाटलं माणूस हातचा गेला." दोन वर्षांनी वच्छीला परत दिवस गेल्याचं कळलं. नानांनी निरोप पाठवला, माहेरी ये. वच्छीनं उत्तरच दिलं नाही. तेव्हा नाना भट्टी टेम्पोत घालून वडीगोद्रीला गेले.

"बहीण माहेरी येत न्हाई, मंग माहेर तिकडं न्यावं लागंल, असं म्हणून गेले," काकू म्हणाल्या.

वच्छीच्या सासरचे लोक चांगले होते, पण त्यांनाही हे काय आहे ते समजेना. नानांनी दिवसभर त्यांच्या मागच्या अंगणात खड्डा खणला. वच्छी घरातून बाहेर आली नाही. बाळंतपण होईपर्यंत आणि झाल्यावरही सव्वा महिना नाना तिथंच राहिले, भट्टीशेजारी, गोठ्याच्या पडवीत. जेवणाचं ताट सासू आणून द्यायची. भाऊ भिंतीच्या बाहेर, बहीण भिंतीच्या आत, आणि मधे शब्द नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग एका सकाळी खिडकीतून आवाज आला. दादा, जरा लाकूड कमी घाल. लेकराला घाम येऊन राह्यलाय."

त्या पौषानंतर वच्छी भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. नाना घरी आले तेव्हा त्यांनी काकूंना भाच्याचं नाव सांगितलं नाही, तो कोणासारखा दिसतो ते सांगितलं नाही. हेच एक वाक्य सांगितलं. जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं, दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डबा घेऊन गेलेल्या काकूंना परत सांगितलं. "जसं काय मी ऐकलंच नव्हतं," काकू हसत म्हणाल्या आणि टोपड्याचे बंद सारखे करत बसल्या.

नाना स्वभावानं मऊ होते असं मात्र कोणी समजू नये. एका हिवाळ्यात गावात मोठं भांडण झालं, ते त्यांच्यामुळेच. एका आडत दुकानदारानं नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. सून बाळंत झाली. नाना मागची भिंत बघायला गेले तर भिंतीला चकचकीत फरशी. दुकानदार म्हणाला, "नवीन भिंतीला भोक पाडू देणार न्हाई." नाना परत आले. पण रोज सकाळी त्या घरामागून जायचे आणि बंद खिडकीवर टकटक करून सांगायचे, "खिडकी उघडा." आतून कोणी उत्तर देत नसे. एका सकाळी त्यांना कोळशाचा वास आला. त्यांनी टकटक केली, हाका मारल्या, आणि कोणी उघडेना तेव्हा कोपरानं काच फोडली.

मग काय, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक. बाळंतिणीच्या खोलीची काच फोडतो म्हणजे काय, वगैरे. मी सुट्टीला गेले होते, लेकीला कडेवर घेऊन मागे उभी होते. नानांच्या कोपराला फडकं बांधलेलं. सरपंच म्हणाले, "नाना, माफी मागून टाका."

"मागतो," नाना लगेच म्हणाले. दुकानदाराला हात जोडले. "माफ करा. माझी चूक झाली. काच बसवून देतो. पन सव्वा महिना झाल्यावर बसवतो."

लोक हसले. दुकानदार चिडून उठला. तेवढ्यात त्याची बायको, बाळंतिणीची सासू, बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "काच राहू द्या तशीच. सुनेचं डोकं दुखायचं थांबलंय कालपासून."

ती एवढं बोलली आणि पदर नीट करून उभी राहिली. दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि खाली बसला. चार दिवसांनी त्या फरशीला दोन भोकं पडली.

पुढे नानांचं नाव जरा लांबवर गेलं. जालन्याच्या एका कारखानदाराची गाडी एक दिवस शेडसमोर थांबली. त्याला नानांची भट्टी मोठ्या प्रमाणावर बनवायची होती, थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांसाठी. नाना बापूंना सोबत घेऊन जालन्याला गेले. तिथं कागदावर चित्र काढलेलं होतं. भट्टी छान झाली होती, सडपातळ, काळी, आणि पुढे काचेचं दार. ती हॉलमध्ये मधोमध ठेवलेली दाखवली होती.

नानांनी विचारलं, "काच कशाला?"

"लोकांना आग दिसली पाहिजे," कारखानदार म्हणाला. "खरी मजा तर आग बघण्यात आहे, मिस्त्री."

नाना चित्राकडे पाहत राहिले. माणूस भला होता, जबरदस्ती करत नव्हता, चहा-बिस्किटं मागवली होती. येताना दोघं एसटीत होते. भोकरदनच्या पुढे आल्यावर म्हणाले, "बापू, त्यांना आग दाखवायची हाये. मला लपवायची हाये. आमचं कसं जमावं?" आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. बापूंना मात्र वाईट वाटत राहिलं. नानांचं म्हातारपण सुखात गेलं असतं, असं ते म्हणायचे.

आता दवाखान्यातले डॉक्टर सांगतात, खोली बंद करू नका, शेगडी ठेवू नका. मुली ऐकतात. नव्या घरांत बाजाही राहिल्या नाहीत. नानांच्या भट्ट्या शेडच्या मागे उभ्या राहायला लागल्या. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमचं काम कमी झालं." ते म्हणाले, "मी म्हणत होतो तेच डॉक्टर म्हणून राह्यलेत. मंग मी कशाला पाहिजे?" त्या बोलण्यात रुसवा नव्हता. पेन्शनीत निघालेल्या माणसासारखे ते बोलले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आसपास. मी जालन्याहून दोन दिवसांसाठी गेले होते. आई म्हणाली, नाना बरे नाहीत, छाती भरलीय, वेल्डिंगचा धूर इतकी वर्षं आत गेला तो आता बाहेर पडत नाही. दुपारी भेटायला गेले. त्यांच्या घराच्या मागे भट्टी पेटलेली होती आणि यमुनाकाकू तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी मानेनंच आत जा म्हणून खुणावलं.

खोलीत ऊन आलं होतं. नाना बाजेवर पडले होते, कानाला मफलर, अंगावर चौकड्यांची चादर. खूप बारीक झाले होते. मी उशाशी बसले. त्यांनी ओळखलं, "संगे," म्हणाले. एक हात बाजेखाली लोंबत होता आणि पाइपांच्या वर हवेत धरलेला होता.

"कसं वाटतंय नाना?"

"आतून असं असतंय व्हय," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस जात नाही. इतक्या वर्षांत नानांनी किती खोल्या उबदार केल्या, पण पेटत्या भट्टीच्या वेळी ते कायम भिंतीच्या पलीकडेच होते. अशा खोलीत ते पहिल्यांदाच झोपले होते.

"कुजबुज ऐकू येऊन राह्यली," ते म्हणाले. "पाइपातून. ऐक."

मी ऐकलं. तापलेलं पाणी चढताना पाइपात एक बारीक गुणगुण होते, शेजारच्या खोलीत कोणी हळू आवाजात बोलत असावं तशी. गावातल्या कितीतरी बायकांना ती माहीत आहे.

"ते नेहमीच बोलतं नाना. आम्हाला रोज ऐकू यायचं."

"मला कोणी सांगितलंच न्हाई."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

ते हसले. छातीत घरघर झाली, ती थांबेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ उबदार होती.

"काय म्हणत असंल गं?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, मी शाळेत शिकवते म्हणून मला माहीत असावं अशा सुरात.

"झोप म्हणतं," मी म्हणाले.

"बराबर," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. हात तसाच खाली लोंबत राहिला. तो उचलून चादरीत घ्यावा असं मनात आलं, पण मी घेतला नाही. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर आले.

यमुनाकाकू भट्टीपाशी बसल्या होत्या, शेजारी बाभळीच्या ढलप्यांची रास. अंगणात पौषाचं पिवळं ऊन पडलं होतं आणि धूर सरळ वर जात होता.

"झोपले का?" काकूंनी विचारलं.

"झोपले."

"मंग एक बारकं घालते," म्हणाल्या, आणि राशीतून निवडायला लागल्या.